मॅसीचं इंजिन बांधायला काढतोयस तर...

मॅसी निळा धूर टाकते, ऑइल पिते आणि सकाळी उतारावर ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, असं तू म्हणालास. फिटर म्हणतो, फुल इंजिन करावं लागेल. कर की. पण एक गोष्ट आधी कानात घालतो. इंजिन कशानं झिजलं याचा अंदाज आल्याशिवाय ते खोलायचं नाही. झिजण्याचं कारण तसंच ठेवून नवे लायनर-पिस्टन घातलेस तर दोन सुगीत परत तोच धूर दिसेल. पैसे मात्र गेलेले असतील.

गाडी करण्याजोगी आहे असं मी म्हणतो, ते आपल्या आबांनी घेतलेली म्हणून नव्हे. टॅफे कंपनी १९६० साली मद्रासला मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्यानं सुरू झाली. आपल्या मॅसी १०३५ ट्रॅक्टरला इंजिन आलं ते मद्रासच्याच सिम्प्सनचं, विलायतेच्या पर्किन्सच्या आराखड्यावर बनलेलं. सिलिंडर तीन, फायरिंगचा क्रम सरळ एक-दोन-तीन, इलेक्ट्रॉनिक काही नाही. लायनर, पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व्ह सगळं बदलता येतं आणि तालुक्याच्या गावी आजही मिळतं. ब्लॉकला तडा नसेल आणि क्रँक ग्राइंडिंगच्या मापात बसत असेल तर हे इंजिन पुन्हा नव्यासारखं चालतं. मागचं गिअरबॉक्स-हायड्रॉलिक ठीक असेल तर नव्या ट्रॅक्टरचे हप्ते डोक्यावर घ्यायचं कारण मला दिसत नाही.

वेळ मात्र नीट निवड. कारखान्याचा सीझन संपला की चैत्र-वैशाखात सगळे जण एकदम ट्रॅक्टर घेऊन फिटरच्या दारात उभे राहतात. सगळ्यांना रोहिणीच्या आत मशागत उरकायची असते. त्या घाईत केलेलं इंजिन घाईचंच होतं. वरून वावटळी सुटलेल्या असतात आणि उघड्या ब्लॉकवर फुफाटा बसतो. पेरण्या-कोळपण्या झाल्यावर, श्रावणात काम काढ. फिटर मोकळा असतो, लेथवाला मोकळा असतो, धुरळा खाली बसलेला असतो. दमट हवेत घासलेलं लोखंड एका रात्रीत तांबारतं, एवढं ध्यानात ठेव. बोअर किंवा क्रँक रात्रभर उघडा राहणार असेल तर ऑइलचा हात फिरवून प्लॅस्टिकनं झाकायचा.

आता उघडायच्या आधीची तपासणी. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा धूर गरम इंजिनावरही राहिला तर न जळलेलं डिझेल किंवा पाणी. ऑइल टाकायचं झाकण इंजिन चालू असताना उघड. तिथून भपाभप वाफारा येत असेल तर रिंगांवरून गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोय. पट्टीवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय. ऑइलची पातळी न टाकता वाढत असेल तर डिझेल मिसळतंय, बहुतेक वेळा फीड पंपाच्या फाटलेल्या डायफ्रामातून. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं आणि दोष मात्र बेअरिंगच्या कंपनीला मिळतो.

मग कॉम्प्रेशन बघ. नोझल काढून तिथं डिझेलचा गेज बसवायचा, पेट्रोलचा चालत नाही. तिन्ही सिलिंडरचे आकडे लिहून घे. आकडा किती, यापेक्षा तिघांत फरक किती, हे जास्त सांगून जातं. ज्याचा कमी आला त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघ. चमचाभरच, जास्त ओतलंस तर पिस्टनच्या डोक्यावर ऑइलच अडेल. आकडा चढला तर रिंगा आणि लायनर गेले. चढला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाहीत, किंवा हेडचं पॅकिंग गेलंय. तसं असेल तर नुसतं हेड काढून भागेल आणि फुल इंजिनचा खर्च वाचेल.

मधेच एक जिवाचं सांगतो. फार झिजलेलं डिझेल इंजिन कधीकधी स्वतःचंच ऑइल ओढून पळत सुटतं. डिझेल बंद केलं तरी थांबत नाही, वेग वाढतच जातो. त्या वेळी फडकं किंवा हात एअर क्लीनरच्या तोंडाशी न्यायचा नाही, आत खेचला जातो. सपाट जाड फळी तोंडावर दाबून हवा बंद करायची. तपासणी करताना अशी फळी जवळ ठेव आणि लहान पोरांना अंगणातून आत पाठव. तसंच नोझल तपासताना फवाऱ्यासमोर बोट येऊ देऊ नकोस. तो दाब कातडी फोडून डिझेल मांसात घालतो. वरून इवलंसं भोक दिसतं, पण हात जाऊ शकतो. असं कुणाचं झालं तर घरी हळद लावत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना ‘डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं.

आता कारणाकडे येतो. आपल्या भागात दहातली आठ इंजिनं मातीनं मरतात, हे माझं मत पक्कं आहे. रोटर मारताना, मळणी करताना, उन्हाळ्यात ढेकळं फोडताना गाडी धुरळ्याच्या ढगात असते. ती माती एअर क्लीनरनं अडवली नाही तर ऑइलमध्ये मिसळून तिची ग्राइंडिंग पेस्ट होते आणि ती पेस्ट दर फेऱ्याला लायनर घासते. म्हणून एअर क्लीनरपासून इंजिनपर्यंतचा सगळा रस्ता बोटानं चाचपून बघ. रबरी होज खालच्या बाजूनं तडकतो, तिथं वरून नजर पोचत नाही. क्लिपा ढिल्या असतात. होजच्या आतून पांढरं फडकं फिरव. त्यावर माती आली तर तुझं कारण सापडलं. अजून एक परीक्षा आहे. इंजिन मंद चालू ठेवून एअर क्लीनरच्या तोंडावर तीच फळी दाब. इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर हवा दुसरीकडून कुठून तरी येतेय आणि त्या हवेबरोबर माती येतेय.

एअर क्लीनरच्या खालची ऑइलची वाटी सुक्या धुरळ्यात रोज उघडून बघायची. तळाला चिखल जमला की ओतून टाक, वाटी धू, खुणेपर्यंतच नवीन ऑइल घाल. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि मघाशी सांगितलेलं पळणं तिथूनही सुरू होऊ शकतं. एवढं काम चहा उकळेपर्यंत होतं, आणि तेच कुणी करत नाही.

दुसरं कारण म्हणजे पंपाचा स्क्रू. उसाची ट्रॉली चढाला ओढत नाही म्हणून पंपाचं डिझेल वाढवून घेतात. काळा धूर निघतो, गाडीला ताकद आल्यासारखी वाटते. खरं तर जादाचं डिझेल जळत नाही, लायनरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि पिस्टनचं डोकं तापवतं. गळकी नोझल हेच काम एका सिलिंडरपुरतं करते.

तिसरं थर्मोस्टॅट. गाडी तापते म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा थर्मोस्टॅट काढून फेकतात. तापण्याचं कारण बहुतेक वेळा रेडिएटरमधला क्षार, पाचटानं भरलेली जाळी किंवा ढिला पट्टा असतो. थर्मोस्टॅट काढला की इंजिन कधीच पुरतं गरम होत नाही. थंड भिंतीवर ओलावा आणि गंधकाचं आम्ल जमतं, डिझेल अर्धवट जळतं आणि लायनर लवकर खराब होतो. नव्या इंजिनात नवा थर्मोस्टॅट घालायचाच. फिटर नको म्हणाला तरी घालायचा. बोअरच्या खाऱ्या पाण्याऐवजी चांगलं पाणी आणि कूलंट घाल.

आता गाडी खोलायची. या ट्रॅक्टरला ट्रकसारखी चासी नसते. पुढचा कणा इंजिनाला बोल्टनं धरलेला, इंजिन मागच्या गिअरबॉक्सला. इंजिन हाच सांगाडा आहे. लायनर-पिस्टन हेड आणि चेंबर काढून जागेवर निघतात, पण क्रँक काढायचा तर ट्रॅक्टर मधून सोडवावाच लागतो. सोडवायच्या आधी पुढच्या कण्याच्या वर दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोक. कणा मधल्या एका पिनवर डुलतो. पाचरी नसतील तर मागचा आधार सुटताच इंजिन कुशीवर कलंडतं, आणि त्या वेळी कुणाचा तरी हात खाली असतोच. मागच्या अर्ध्याखाली बाभळीचे किंवा सागाचे जाड ठोकळे दे. विटा किंवा दगड नकोत, नुसता जॅकही नको. मागच्या चाकांना पुढून-मागून उटी लाव. हे सगळं झाल्यावरच चेनपुली ताण.

खोलायच्या आदल्या दिवशी गाडी बाहेरून धुऊन घे. बाहेरचा चिखल आत पडू नये म्हणून. नट-बोल्टांसाठी डबे आण आणि प्रत्येकावर खडूनं नाव घाल. कनेक्टिंग रॉडची टोपी त्याच रॉडची, मेन बेअरिंगची टोपी त्याच जागेची. त्या जोडीनं बोअर केलेल्या असतात, अदलाबदल करायची नाही. नंबर दिसत नसतील तर सेंटर पंचनं ठिपके मार, रेडिएटरकडचा एक नंबर. कॅमवरचे फॉलोअर आणि पुशरॉडही आपापल्या जागेवरच परत गेले पाहिजेत. पंप काढण्याआधी त्याच्या कडेवर आणि केसिंगवर एकच रेघ ओढ.

टायमिंगच्या गिअरवर खुणा असतात. त्या जुळवून, फोटो काढून मगच गिअर काढ. तुमच्या मोबाइलचा इथं खरा उपयोग. खुणा जुळल्यावर क्रँक फिरवलास तर पुढच्या फेऱ्यांत त्या जुळलेल्या दिसणार नाहीत. मधला आयडलर गिअर असल्यामुळे त्या फार फेऱ्यांनी परत एकत्र येतात. नवशिका फिटर इथं घाबरतो आणि बरोबर बसलेलं टायमिंग मोडून ठेवतो.

सगळं निघालं की जुने पार्ट भंगारवाल्याला द्यायचे नाहीत. एका फळीवर क्रमानं मांड. एक, दोन, तीन, जसे होते तसे, बेअरिंगचं वरचं पान वर, खालचं खाली. इंजिन सुरू होऊन एक महिना झाला की मग काय करायचं ते कर. आबा ही फळी मांडल्याशिवाय फिटरला पुढचं काम करू देत नसत आणि मीही ते सोडलेलं नाही. कारण इंजिन का गेलं हे त्या फळीवर लिहिलेलं असतं, वाचायला यावं लागतं.

रिंगा बघ. सगळ्यात वरची रिंग जास्त झिजलेली, तिचा चेहरा मॅट करडा झालेला आणि त्यावर उभ्या रेघा असतील तर माती हवेतून आली. म्हणजे एअर क्लीनर. उलट खालची ऑइल रिंग जास्त झिजलेली आणि बेअरिंगही ओरखडलेले असतील तर घाण ऑइलमधून फिरत होती. म्हणजे फिल्टर, उघड्या डब्यातलं ऑइल, चेंबर न धुता भरलेलं ऑइल. वरची रिंग तुकडे होऊन निघाली तर मागच्या वेळी कुणी तरी झिजलेल्या लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्यात असं समज.

पिस्टनच्या अंगावरचे घासल्याचे डाग समोरासमोर सरळ असले पाहिजेत. एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली असे तिरके असतील तर कनेक्टिंग रॉड वाकलाय, तो लेथवर सरळ तपासून घे. नाहीतर नवा पिस्टनही तिरकाच घासेल. पिस्टनच्या डोक्यावर एकाच जागी वितळल्याचा खड्डा असेल तर त्या सिलिंडरची नोझल बाजूला काढ. बेअरिंगच्या पानावर मधोमध तांबं उघडं पडलं असेल तर झीज सरळ आहे. एका कडेलाच असेल तर रॉड किंवा क्रँक वाकडा. पानाच्या पाठीवर काळा ठिपका आणि त्यावरच समोर चमक दिसली, तर बसवताना पानाखाली कचरा राहिला होता.

मग माप. इथं मी कुणाचं ऐकत नाही. बोट फिरवून ‘चालतंय’ म्हणणारा फिटर कितीही जुना असला तरी त्याच्या हातात मायक्रोमीटर दे. लायनर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या रिंगेच्या जागी सर्वांत जास्त झिजतो, कारण तिथं उष्णता आणि दाब जास्त आणि ऑइल सगळ्यात कमी. त्याच्या वर न झिजलेली कड राहते, ती नखाला लागते. आणि पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो त्या आडव्या दिशेला जास्त झिजतो, म्हणजे बोअर लांबट होतो. म्हणून वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी उभं-आडवं माप घ्यायचं. हाफ इंजिन की फुल हे या आकड्यांवर ठरतं. झिजलेल्या लायनरमध्ये नुसत्या रिंगा घालून वर्ष काढू असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हण. नवी रिंग जुन्या कडेवर आपटते आणि तुटते.

नवी रिंग पिस्टनवर चढवण्याआधी बोअरमध्ये घाल, पिस्टनच्या डोक्यानं सरळ ढकल आणि दोन टोकांतलं अंतर फिलर गेजनं मोज. बोअरच्या दर इंचाला तीन ते चार थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, हा जुना हिशेब आहे. आपला बोअर साडेतीन इंचाच्या आसपासचा, म्हणजे दहा ते चौदा थाऊ. कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं भिडून रिंग मोडते, म्हणून बारीक कानशीनं घासून जुळव. रिंगेवर ‘टॉप’ असं कोरलेलं असेल ती बाजू वर, आणि तोंडं एका रेषेत न ठेवता गोल फिरवून वेगवेगळ्या दिशांना.

क्रँकची जर्नल गोल आहे का, निमुळती आहे का, ते मोजून घे. ओरखडे किंवा लांबटपणा असेल तर ग्राइंडिंग. दहा, वीस, तीस थाऊ अशा पायऱ्यांची बेअरिंग मिळतात. आधी क्रँक ग्राइंड करून माप हातात घे, मग त्या मापाचे बेअरिंग आण. पॉलिश पेपरनं हातानं क्रँक घासणं, बेअरिंगच्या पाठीमागे कागद घालणं, टोपी कानशीनं घासून घट्ट करणं, हे प्रकार आपल्या दारात होऊ द्यायचे नाहीत. क्रँकमधली ऑइलची भोकं ग्राइंडिंगच्या किसानं भरतात. तार आणि डिझेल घालून, हवा मारून, दुसऱ्या टोकानं स्वच्छ धार येईपर्यंत साफ कर.

थ्रस्ट वॉशर विसरतात. इंजिन बंद असताना, खोलायच्या आधीच, कुणाला तरी क्लच दाबायला सांग आणि तू पुढच्या पुलीकडे बघ. पुली पुढे सरकताना डोळ्याला दिसली तर थ्रस्ट वॉशर गेलेत. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय असली की हेच होतं. तुझ्या धाकट्या भावाला हे सांग. नवे बसवताना ऑइलच्या खाचा क्रँककडे, ब्लॉककडे नाहीत. गाडी मधून सोडवलीच आहे तर क्लच प्लेट, फ्लायव्हीलमधलं छोटं बेअरिंग आणि मागचं ऑइल सील त्याच वेळी बदल. त्या जागी पुन्हा पोचायचं तर सगळा ट्रॅक्टर परत सोडवावा लागतो.

बोअरिंग आणि ग्राइंडिंगला जवळ नीट माणूस नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात ने. आपल्या भागातली ऑइल इंजिनं पिढ्यान्‌पिढ्या तिथं दुरुस्त झालीत आणि माप समजणारे हात तिथं आहेत. ब्लॉक देताना लायनर-पिस्टन बरोबर दे. पिस्टन मोजूनच बोअर ठरतो. ब्लॉक रिकामा आहे तोवर पाण्याच्या पोकळीतला चिखल खरवडून काढ. मागच्या सिलिंडरभोवती तो जास्त साचतो आणि तोच सिलिंडर तापतो. बाजूच्या पातळ पत्र्याच्या डब्याही नव्या ठोक. पंप आणि नोझल पंपवाल्याकडे टेस्ट बेंचवर लावून घे, आणि डिझेल कंपनीच्या मापावर आण म्हणून सांग. वाढवायला सांगू नकोस.

पार्ट आणताना ‘१०३५ चं किट द्या’ म्हणायचं नाही. त्याच नावाखाली वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी इंजिनं आलीत. ब्लॉकवरचा इंजिन नंबर लिहून ने, जुना लायनर आणि एक पिस्टन बरोबर ने. पक्कं बिल घे. हुबेहूब खोक्यातला नकली माल बाजारात फार आहे. बिल द्यायला कां-कू करणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही.

बांधणीच्या दिवशी सगळ्यात मोठं काम धुण्याचं. बोअर डिझेलनं धुतला की झाला असं समजतात. डिझेल होनिंगची पूड रेघांतून काढत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन घास, कोरडं कर, मग ऑइल लावलेलं पांढरं फडकं फिरव. फडकं पांढरं निघेपर्यंत परत परत. सगळ्या चकाकत्या जागांना ऑइल लावूनच पार्ट बसव. गॅसकेटची पेस्ट बोटभर थापू नकोस. दाबल्यावर आत निघालेले गोळे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. पंपाची जाळीही काढून धू.

हेड बसवण्याआधी सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून त्याचा तळ सपाट आहे का बघ. स्टडच्या भोकांत पाणी किंवा ऑइल राहू देऊ नकोस. बोल्ट कसताना ते दाबलं जातं आणि ब्लॉक तडकतो. गॅसकेटवर ‘टॉप फ्रंट’ असं छापलेलं असतं, ते वर आणि रेडिएटरकडे. नट मधून बाहेरच्या दिशेनं, थोडे थोडे करत, टॉर्क पान्यानंच. लांब पाइप घालून अंदाजानं कसायचं नाही. टॅपेट थंड इंजिनावर बारा थाऊ, गरम झाल्यावर दहा.

पहिल्यांदा सुरू करताना डिझेल बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा मार, ऑइलच्या गेजचा काटा हलेपर्यंत. मगच फिल्टर, पंप आणि नोझलच्या नटांपाशी एअर काढून इंजिन सुरू कर. सुरू झालं की तासन्‌तास मंद चालवत ठेवू नकोस. रिंगांना बसायला दाब लागतो. नुसत्या मंद गतीनं लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि ऑइल पिणं कायमचं मागे लागतं. गरम झालं, गळती नाही, दाब बरोबर आहे असं दिसलं की हलकं काम दे. रिकामी ट्रॉली, वखर, पाण्याचा टँकर. गती कमी-जास्त करत राहा, पूर्ण दम लावू नकोस. गॅसकेटच्या पाकिटावर नको असं छापलेलं नसेल तर पहिल्या गरमीनंतर हेड पुन्हा टॉर्कवर कस आणि टॅपेट परत बघ.

पन्नास तासांनी ऑइल आणि फिल्टर बदल. निघालेलं ऑइल पसरट भांड्यात ओतून उन्हात धर. थोडी चमक दिसेल, ती रिंगा बसल्याची. कण बोटाला लागले तर गाडी तिथंच थांबव आणि मला फोन कर. काही नसेल तर दसऱ्यापर्यंत हलक्या कामावर चालू दे, आणि कारखान्याचा बॉयलर पेटल्यावरच उसाची ट्रॉली जोड.